शेवटच्या अकरा नोंदी

उद्यमनगर, कोल्हापूर
ता. १२ ऑक्टोबर १९८१

चि. माधव यास गणपतीदादाचा आशीर्वाद.

इकडं आम्ही सगळी बरी हाय. तुझी खुशाली तुझ्या पत्रानं कळली, तुझ्या आईला, काकूंना बी मी ती जाऊन सांगितली. खंडेनवमीला लेथला हार घातला, पेढे वाटले. काकूंचा गुडघा थंडी पडाय लागली की ठणकतो, बाकी ठणठणीत हायत. तुझी बहीण पद्माताई आता शाळेत मुख्याध्यापिका झाली, त्यामुळं तिला भेटायला आता चिठ्ठी पाठवून आत जावं लागतं! मी तसं म्हणलं तर माझ्यावरच रागावली.

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. लेका, सात वर्षांत तू पेटीचं नाव काढलं न्हवतंस आणि आता एकदम चार पानं! तीन वेळा वाचलं. मला उमगलं ते लिहितो, चुकलं तर सांग. तुमच्याकडं डोंगरात बोगदा खणायचं काम चाललंय. आत डिझेलवर चालणाऱ्या गाड्या मुरूम वाहतात आणि त्यांच्या धुरानं माणसं घेरी येऊन पडाय लागल्यात. परदेशात असल्या गाड्यांच्या धुराच्या नळीला शुद्धीकरणाची पेटी बसवतात. ती आपल्याकडं बसवावी का न बसवावी, याच्यावर तुझ्या हापिसानं तुझं मत मागितलंय, ते बी पंधरा नोव्हेंबरच्या आत. आणि तू ‘बसवू नये’ असं लिहिणार हायस, कारण तसली पेटी आपण दोघांनी चौऱ्याहत्तर साली करून बघितली. वर्कशॉपात झकास चालली आणि उचगावच्या विहिरीत दगा दिला. आपल्या डिझेलात गंधक लई, त्यानं पेटीतल्या धूर शुद्ध करणाऱ्या गोळ्या मरतात आणि बाहेरून कळत बी न्हाय, असं तुझं म्हणणं.

त्यासाठी तुला चाचणीची वही पायजे. आणि ‘चाचणी सांगितल्याप्रमाणे घेतली’ असं लिहून खाली माझी सही पायजे.

वही कुठं ठेवलीय ते आठवंना बघ. माळ्यावर इतका पसारा हाय की त्यात माणूस हरवंल. दिवाळीची साफसफाई निघाली की बघतो.

उचगावचे भाऊसो परवा बाजारात भेटले. त्यांच्या विहिरीवर आता विजेची मोटर आली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिनच दोरानं विहिरीत उतरवून कपारीला बसवायचं, ही पद्धत आता त्यांच्या भागात कुणी करत न्हाय. बरं झालं. तुला आठवत असंल, त्या पद्धतीपायी शिरोळकडं दोन सख्खे भाऊ इंजिन बंद करायला म्हणून खाली उतरले आणि धुरानं तिथंच गेले. त्या बातमीचं कात्रण तू खिशात घेऊन हिंडत होतास. तिथनंच तर तुझ्या डोक्यात पेटी शिरली.

पत्राच्या शेवटी तू पुन्हा तेच लिहिलंस, ‘दादा, तुम्ही वर ओढलं नसतंत तर मी आज नसतो.’ किती वेळा लिहिशील रे? बास कर आता. माणूस लाजतो.

तुझा
गणपतीदादा

ता. क. : सही कशाला लागती? तुझ्या शब्दाला तिथं काय किंमत न्हाय व्हय?


उद्यमनगर, कोल्हापूर
ता. १७ ऑक्टोबर १९८१

चि. माधव,

तुझं कार्ड मिळालं. ‘सही लागते, कारण मी मत देणारा आणि मीच साक्षीदार असं चालत नाही.’ बरं बाबा.

वही सापडली. सापडली म्हणजे काय, हरवलीच न्हवती. माझ्या लोखंडी ट्रंकेत, कपड्यांच्या खाली होती. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आज रजिस्टरनं वही पाठवतोय, पण सही केलेली न्हाय. का केली न्हाय ते खाली लिहितो. वाचताना मला शिव्या घालायच्या तर घाल, पण पुरं वाच.

वही उघडलीस की पहिल्याच पानावर तुझ्या हातचं लाल शाईनं लिहिलेलं दिसंल. ‘इंजिनात फक्त सीलबंद डब्यातले नवे ऑइल घालावे. पेट्रोल गाडीचे जळके ऑइल कदापि घालू नये. पेट्रोलमध्ये शिसे असते, ते ऑइलात उतरते. शिसे म्हणजे गोळ्यांना विष.’ कदापि या शब्दाखाली दोन रेघा मारल्यास.

मी ते घातलं.

आता कसं झालं ते सांगतो. चाचणी सुरू होऊन महिना झालता. पेटी चांगली चालली होती. साबुदाण्याएवढ्या त्या राखी गोळ्या, त्यांच्यावर केसाएवढा प्लॅटिनमचा थर. मला तर पहिल्यांदा हसू आलतं, एवढ्याशा गोळ्या धुराला काय करणार म्हणून. पण तू दोन थर्मामीटर लावून दाखवलंस. पेटीत धूर शिरताना २९० आणि बाहेर पडताना ३१०. ‘दादा, आत विषारी वायू जळतोय, त्याची ही वीस अंश उष्णता. जोवर हा फरक दिसतोय तोवर पेटी जिवंत आहे असं समजा.’ हे तुझं वाक्य मला तोंडपाठ हाय.

मग तू मुलाखतीसाठी मुंबईला गेलास, पंधरा दिवस. त्यात इंजिन निळा धूर सोडाय लागलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. उचगावचा कार्यक्रम ठरलेला, इंजिन कंपनीची माणसं येणार, तुझे अण्णा येणार. माझं इंजिन चार लोकांत निळा धूर सोडतंय? मी त्याच दिवशी रिंगा बदलल्या. आणि गुंडू मिस्त्रींनी, माझ्या वस्तादांनी, आम्हाला शिकवलंय की नव्या रिंगा बसवल्या की पहिले पंचवीस तास पेट्रोलवरच्या जीपचं उतरवलेलं ऑइल फडक्यातून गाळून घालायचं. नव्या ऑइलात रिंगा नुसत्या घसरतात, बसत न्हायत. सगळ्या उद्यमनगरात असंच करतात. मी चाळीस इंजिनं अशीच बसवलीत आणि एक बी परत आलं न्हाय.

तुझी लाल शाई मला दिसली की! पण मनात म्हणलं, पोरगं कालपरवा माझ्याकडनं पाना धरायला शिकलं आणि आज मला ऑइल शिकवतंय. गुंडू मिस्त्री थोर का ह्याचं पुस्तक थोर? खरं सांगतो, तेव्हा माझी मान लई ताठ होती.

रिंगा बसेपर्यंत इंजिन ऑइल पितं, तुला ठाऊक हाय. ते सगळं जळकं ऑइल धुरातनं पेटीत गेलं.

तर माधवा, गंधकाचं काय ते तुझं तू बघ, पण मला वाटतं गोळ्या माझ्या ऑइलानं मेल्या. तुझ्या हिशोबात चूक न्हवती. हे तुला सात वर्षांपूर्वी सांगायला पायजे होतं. तू कॉलेज सोडलंस, गाव सोडलंस, पोरं तुला ‘पेटीवाला’ म्हणून चिडवायची ते मी कानानं ऐकलं. अण्णा शेवटपर्यंत म्हणत होते, ‘आमच्या माधवचं गणित कच्चं नव्हतं हो, काय झालं कळत नाही.’ मी त्यांच्या उशाशी बसून मान हलवत होतो. तोंड उघडलं न्हाय. लाज वाटती मला.

पायजे ते उत्तर दे.

तुझा
गणपतीदादा


उद्यमनगर, कोल्हापूर
ता. ३१ ऑक्टोबर १९८१

चि. माधव,

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर आलं. तुझं पत्र शिव्यांनी भरलेलं असंल असं वाटलं होतं. तू काय लिहिलंस! ‘दादा, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. मी वही बारकाईनं पाहिली. रिंगा बदलल्याची तारीख तुम्ही प्रामाणिकपणे लिहिली आहे. पण त्यानंतरच्या अकराही नोंदींत वीस अंशांचा फरक कायम आहे. ऑइलानं गोळ्या मेल्या असत्या तर फरक तिथंच गेला असता. म्हणजे तुमच्या ऑइलानं काही झालं नाही, पेटीनंच दगा दिला. आकडे चांगले दाखवून माणूस मारणारी पेटी नसलेली बरी. निर्धास्त सही करा.’

निर्धास्त!

ते पत्र खिशात घालून मी परवा भाऊबीजेला तुमच्या घरी गेलो. तुला माहीतच हाय, विहिरीच्या त्या वर्षापासनं पद्माताई मला ओवाळती. तू लांब नागपूरला, म्हणून तुझ्या वाटणीचं बी मलाच. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, आतनं काकूंचा आवाज, ‘गणपती आला का गं? माझ्या लेकराला परत आणणारा आला का?’ दर वर्षी हेच म्हणतात. दर वर्षी मी हसून पाटावर बसतो आणि करंजी खातो. खरंच खातो रे, दोन-दोन खातो. माझी कातडी किती जाड हाय बघ.

परवा बसवंना. पद्माताई तबक घेऊन उभी, मी पाटाच्या अलीकडं उभा. म्हणलं, ‘ताई, ओवाळायच्या आधी ऐक.’ आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिला सांगितलं ते आता तुला लिहितो. दुसऱ्या पत्रात मी निम्मंच लिहिलं होतं. जे लिहिल्यावर तू माफ करशील तेवढंच लिहिलं होतं.

त्या अकरा नोंदी खोट्या हायत.

रिंगा बदलल्यावर पहिल्या दिवशी फरक चौदा आला. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी दोन्ही थर्मामीटर सारखे. मला वाटलं थर्मामीटर बिघडला, म्हणून अदलाबदल करून बघितलं. सारखेच. पेटी मेली, हे मला त्याच दिवशी कळलं. जळकं ऑइल काढून नवं घातलं, आठ दिवस इंजिन दामटून चालवलं, पेटी काय उठली न्हाय. तोवर तू मुंबईहून यायचा दिवस आला. फरक गेला असं लिहिलं तर तू विचारणार, ऑइल कुठलं घातलं? मग मी काय सांगू? तुझी लाल शाई वाचून सुद्धा घातलं म्हणून? सगळ्या उद्यमनगराला सांगत हिंडलो होतो की माधवची पेटी माझ्या हातानं चालती. शेवटी बसलो आणि मागचे आकडे बघून पुढचे लिहिले. एकदा १९, एकदा २१, खरं वाटावं म्हणून. एका बैठकीत अकरा दिवसांचे. नीट बघ, अकराही नोंदींची शाई एकच हाय.

तू आल्यावर वही चाळलीस आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. दुसऱ्याच दिवशी उचगावचा कार्यक्रम, इंजिन चालवून आकडे बघायला तुला सवड मिळाली न्हाय.

म्हणशील, मग विहिरीवर तरी का बोलला न्हाईस? मला वाटलं होतं इंजिन खाली चालवून दाखवायचं, धूर बघायचा, माणसं टाळ्या वाजवणार आणि घरी जाणार. माणूस खाली उतरायचा बेत न्हवताच. तो तू तिथं ऐनवेळी काढलास. कंपनीचा साहेब म्हणाला, ‘शेतकऱ्याला उतरवणार त्या विहिरीत तुम्ही स्वतः उतराल का?’ आणि तू सदरा काढलास. अण्णा तिथंच खुर्चीवर बसले होते. तू माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, ‘काय दादा, उतरू का?’

ह्या जागी मी बोलायला पायजे होतं. एक शब्द पुरे होता. ‘नको’ एवढाच. साहेब हसला असता, तू चिडला असतास, माझी अब्रू गेली असती. बास, एवढंच झालं असतं.

मी म्हणलं, ‘बिनघोर उतर.’

आणि मग काय केलं ते सांगतो. हे आजवर मी बायकोला सुद्धा सांगितलेलं न्हाय. तू उतरायच्या आधी मी तुझ्या कमरेला दोर बांधला. तू हसलास, ‘दादा, पेटी आहे की, दोर कशाला?’ मी म्हणलं, पाय घसरला तर असावा. दोराची गाठ मी दोनदा आवळली. दुसरं टोक माझ्या हाताला गुंडाळलं, भाऊसो धरायला आले तर त्यांना दिलं न्हाय. काठावर पोटावर पालथा पडून मी तुझं डोकं बघत राहिलो. इंजिन सुरू झालं. तू वर बघून हात केलास. थोड्या वेळानं कपारीला टेकलास. मग तुझी मान जराशी कलली, जराशीच, दुसऱ्या कुणाला कळली बी न्हाय, आणि मी ओढाय लागलो.

सगळे म्हणाले, गणपतीचं लक्ष किती! एका क्षणात ओळखलं पठ्ठ्यानं! डॉक्टर म्हणाला आणखी दोन मिनिटं गेली असती तर पोरगा हाताला लागला नसता. अण्णांनी सगळ्या लोकांसमोर माझे पाय धरले. माधवा, तुझ्या अण्णांनी, ज्यांनी आयुष्यभर पोरांना नमस्कार करायला शिकवलं, त्यांनी माझे पाय धरले आणि मी धरू दिले.

माझं लक्ष न्हवतं रे. मी वाट बघत होतो. तू कधी पडतोस त्याची वाट बघत काठावर पडलो होतो.

एवढं सांगून झालं. पद्माताईनं तबक खाली ठेवलं. विचारलं, ‘आणि दोर तुटला असता तर?’ मी दाराकडं वळलो. ती म्हणाली, ‘दादा, मी विचारतेय. दोर तुटला असता तर तुम्ही आम्हाला काय सांगितलं असतंत?’ मी खरं तेच सांगितलं, ‘पेटीनं दगा दिला असंच सांगितलं असतं, ताई.’

तिनं पाट उचलून भिंतीला लावला. मग म्हणाली, ‘घरी जा. आईला मी सांगते.’ मी पायऱ्या उतरेपर्यंत काकू आतनं विचारतच होत्या, ‘झालं का गं ओवाळून? गणपती न जेवता कसा चालला?’

आता कामाचं. दोन गोष्टी पाठवल्यात, दोन्ही जपून उघड.

पहिली गोष्ट पेटी. तुला दवाखान्यात सांगितलं होतं की इंजिन वर काढताना ती निसटून विहिरीत पडली. पडली न्हाय. मीच सोडवून घरी नेली. टाकून द्यायला तीनदा पंचगंगेवर गेलतो, पण टाकवली न्हाय. गोळ्या आत तशाच हायत. तुझ्या ओळखीच्या कुठल्याही प्रयोगशाळेत दे आणि शिसं शोधा म्हण. सापडंल. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, माझ्या शब्दाचं काय झालंय ते तुला आता कळलंय.

दुसरी गोष्ट सोबतचा कागद. सही पायजे होती, सही केलीय. तू लिहून दिलेलं वाक्य खोडलं आणि माझं लिहिलं. ते असं हाय :

‘मी गणपती दाजी चौगुले, राहणार कोल्हापूर. १९७४ च्या चाचणीत सुरुवातीचे एकशेबारा तास आकडे खरे आहेत. तेवढे तास आपल्याच डिझेलवर इंजिन चालले आणि पेटीने वीस अंशांचा फरक रोज दाखवला. त्यानंतर मी मनाई असताना पेट्रोल गाडीचे जळके ऑइल घातले. पेटी तीन दिवसांत मेली. ते मला माहीत होते. पुढच्या अकरा नोंदी मी मनाने लिहिल्या. पेटीने कुणालाही फसवले नाही. मी फसवले.’

हा कागद तुझ्या हापिसात लाव. माझं नाव झाकू नकोस. उद्यमनगरात कळलं तर कळू दे, दुकानावरची पाटी उतरवायला लागली तर मी स्वतः शिडी लावंन. पण पंधरा तारखेच्या आत लाव. त्या बोगद्यात उतरणाऱ्या माणसांच्या कमरेला कुणी दोर बांधलेला नसणार, माधवा.

आणि त्यांना मोठ्या अक्षरात लिहून दे की गाड्यांत जळकं ऑइल घालायचं न्हाय. नुसतं लिहून थांबू नकोस. तिथं माझ्यासारखा एखादा मिस्त्री असंलच, लाल शाई वाचून हसणारा. त्याला समोर बसवून माझी गोष्ट सांग, नावासकट.

तू उत्तर दिलंच पायजेस असं न्हाय. पद्माताईनं अजून निरोप पाठवला न्हाय. काकूंना तिनं सांगितलं का न्हाय ते बी कळलं न्हाय, आणि त्या गल्लीनं जायची माझी छाती होत न्हाय. काल भाजी आणायला लांबनं वळसा घालून गेलो.

आजवर प्रत्येक पत्राखाली ‘दादा’ लिहीत आलो. आज लिहवंना. तू परत म्हणलास तर लिहीन.

चाचणी घेणारा,
गणपती दाजी चौगुले